जुन्या अंगात नवे बळ

जुन्या काळच्या नामांकित स्पोर्ट्‌स मोटारी जतन करणाऱ्या शौकिनांत एक वाद नेहमी रंगतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी निष्णात कारागिरांनी घडविलेले इंजिन असते. त्याचा नाद गोड, चाल डौलदार. परंतु आजच्या रस्त्यावर त्याची शक्ती थोडी उणी पडते. अशा इंजिनाला टर्बोचार्जर जोडावा काय? जोडला तर मोटार वाऱ्याच्या वेगाने धावेल, पण मग ती जुनी मोटार राहील काय? एका पक्षाला हे नवजीवन वाटते, तर दुसऱ्याला ही घोर अवहेलना वाटते.

वरवर पाहता हा चार धनिकांच्या हौसेचा प्रश्न दिसतो. थोडे खोल पाहिले असता मात्र त्याच्या तळाशी एक जुनाच प्रश्न आढळतो. एका युगाच्या हातांनी घडविलेल्या वस्तूत दुसऱ्या युगाचे बळ भरले, तर त्या वस्तूचे काय होते? मोटारीचा जन्म होण्यापूर्वीच काही जहाजांना या प्रश्नाला तोंड द्यावे लागले होते. ती जहाजे मुंबईच्या गोदीत बांधलेली होती आणि ती बांधणाऱ्या घराण्याचे मूळ सुरतेत होते. म्हणून आजच्या मोटारीची कथा समजून घ्यावयाची तर तापीच्या तीरापासून आरंभ करणे उचित ठरेल.

तत्पूर्वी टर्बोचार्जर म्हणजे काय, हे थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. इंजिनात इंधन जळते ते हवेच्या साहाय्याने. नळकांड्यात जितकी अधिक हवा कोंडता येईल तितके अधिक इंधन जाळता येते आणि तितकी शक्ती वाढते. साधे इंजिन आपल्या दट्ट्याच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावरच समाधान मानते. टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन लहान चाके असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका चाकाला फिरवितो आणि त्यायोगे फिरणारे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून आत भरते. मोटारीतील ही चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात. जो धूर एरवी वाया गेला असता, त्याच्याच जोरावर इंजिनाला नवा श्वास मिळतो. कल्पना अशी विलक्षण साधी आहे.

मात्र या श्वासाचा भार कोणी सोसावयाचा? दट्टे, त्यांना जोडणारे दांडे, बेअरिंगे, नळकांड्यावरील झाकण, तेलाचा पुरवठा या सर्वांवर ताण वाढतो. दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेमुळे इंधन अवेळी पेट घेऊन इंजिनाला आतून हादरे बसतात. टर्बोचार्जर आणून बसविणे हे त्यामुळे कामाचे निम्मेही नव्हे. ज्या अंगात हे बळ भरावयाचे ते अंग कसे घडले आहे, हा खरा प्रश्न होय.

अंग घडविण्याची ही विद्या सुरतेच्या सुतारांना उत्तम अवगत होती. मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० मधील शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्यांमुळे. ज्या संपत्तीसाठी त्या स्वाऱ्या झाल्या ती बहुतांशी समुद्रमार्गाने येत असे. इंग्रजांनी १६१३ मध्ये येथे वखार घातली. त्यांची मोठी जहाजे तापीच्या मुखाबाहेर सुवाळीच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकीत आणि तेथून माल शहरात जाई. व्यापार तेथे जहाज आणि जहाज तेथे सुतार, या न्यायाने तापीकाठी जहाजबांधणीचा धंदा भरभराटीस आला. फळीची कड फळीच्या खोबणीत घट्ट बसवावी, म्हणजे पाण्याला शिरकाव राहू नये, अशी येथील बांधणीची रीत होती. लाकूड वापरीत ते सागाचे. सागाच्या अंगात तेल असल्यामुळे त्यात ठोकलेला लोखंडी खिळा सहसा गंजत नाही. उलट इंग्लंडातील ओक लाकडातील आम्ल लोखंड खाते. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरला.

सुरतेजवळच्या सिगणपूर गावी अठराव्या शतकाच्या आरंभी लवजी नसरवानजी यांचा जन्म झाला. वाडिया हे आडनावच जहाजे बांधण्याच्या व्यवसायावरून पडलेले. लवजी सुरतेस धनजीभाई नावाच्या बांधणीप्रमुखाच्या हाताखाली मुकादम होते. १७३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी तेथे 'क्वीन' नावाचे जहाज बांधले जात असता, ते पाहण्यास आलेल्या डडले नामक अधिकाऱ्याची दृष्टी या मुकादमावर गेली. मुंबईच्या गोदीला असाच माणूस हवा होता. धनजीभाईंनी त्याला सोडण्यास प्रथम नकार दिला, आणि तो नकार आपला माणूस ओळखणाऱ्या उस्तादाचा होता. अखेर १७३६ मध्ये लवजी काही सुतारांना बरोबर घेऊन मुंबईस आले. एक शहर उतरणीला लागत होते, दुसरे चढणीला. आणि त्या दोहोंमधून हत्यारांच्या पेट्या घेऊन ही मंडळी चालली होती. लवजी आणि त्यांचे बंधू सोराबजी यांनी १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी उभारली. आशियातील अशा प्रकारची ती पहिली समजली जाते.

या घराण्याच्या पुढील पिढ्यांनी जी जहाजे बांधली त्यांनी जगभर नाव मिळविले. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांनी बांधलेले ७४ तोफांचे 'कॉर्नवॉलिस' हे लढाऊ जहाज मे १८१३ मध्ये पाण्यात उतरले. १८१७ मध्ये 'त्रिंकोमाली' उतरले. १८२४ मध्ये बांधून झालेले 'एशिया' हे जहाज १८२७ च्या नावारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे निशाणाचे जहाज होते. कंपनी सरकारने या घराण्यातील बांधणीप्रमुखांना चांदीच्या मोजपट्ट्या देऊन गौरविले. ही जहाजे परक्या सत्तेचा हात लांब करण्यास कामी आली, ही गोष्टही विसरता येत नाही. अफूच्या युद्धाचा शेवट करणारा आणि हाँगकाँग इंग्रजांच्या पदरात टाकणारा तह २९ ऑगस्ट १८४२ रोजी याच 'कॉर्नवॉलिस'वर सह्या होऊन पुरा झाला. कारागिराचे कौशल्य आणि त्याच्या वस्तूचा वापर या दोन गोष्टी इतिहासात नेहमी एकाच हाती राहत नाहीत.

याच सुमारास समुद्रावर वाफेचे युग अवतरले. शिडाला वारा लागतो आणि वारा कोणाचा बांधील नसतो. वाफ मात्र माणसाच्या हुकमतीत राहते. मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट बांधली गेली. तिला प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिने होती. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुवेझला पोचली. त्या काळी हा मोठाच पराक्रम मानला गेला. परंतु या पराक्रमाची दुसरी बाजू ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बोटीची रचना साडेपाच दिवसांच्या कोळशाला पुरेल अशी होती आणि एडनपर्यंतचा प्रवास मात्र अकरा दिवसांचा. साहजिकच उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरावा लागला. इतके करून ती एडनला लागली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. इंजिनाने वेग दिला, पण जहाजाच्या पोटातील जागाच आपल्या पोटात घातली.

नव्या बळाचा हा हिशेब वाडिया घराण्यातील एका तरुणाला फार लवकर कळला. अर्देशीर कर्सेटजी यांचा जन्म १८०८ चा. वडील बांधणीच्या धंद्यातच होते आणि सागाच्या फळीचे ज्ञान घरात वाहत होते. परंतु अर्देशीरांचे मन वाफेच्या यंत्राकडे ओढले गेले. १८३३ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आत, त्यांनी 'इंडस' नावाचे ६० टनांचे छोटे जहाज बांधून त्यात बाष्पयंत्र बसविले. पुढच्याच वर्षी त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग वायूच्या दिव्यांनी उजळून टाकली, तेव्हा तो प्रकाश पाहून मुंबईकर थक्क झाले. त्याच घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण १८३८ मध्ये नौकाबांधणीचे नवे शास्त्र शिकण्यासाठी विलायतेस गेले. अर्देशीर स्वतः १८३९ मध्ये निघाले. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्याच वर्षी मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि इंग्रज कारागीर त्यांच्या हाताखाली काम करू लागले. १८५१ मध्ये त्यांनी माझगावहून एक आगबोट पाण्यात सोडली. तिच्या यंत्राचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झालेले होते आणि तिचे नाव त्यांनी ठेवले 'लवजी फॅमिली'. सुरतेहून रंधा आणि वाकस घेऊन आलेल्या मूळ पुरुषाचे नाव वाफेच्या बोटीला द्यावे, यात या माणसाच्या मनाचा मोठेपणा दिसतो. नवे शिकताना जुने टाकले पाहिजे, असे त्यांना वाटले नाही.

नवी बोट नव्या यंत्रासाठी बांधणे ही एक गोष्ट झाली. जुन्या शिडाच्या जहाजात यंत्र बसविणे ही मात्र दुसरी आणि अधिक अवघड गोष्ट होती. प्रारंभीच्या आगबोटींना दोन्ही कडांस मोठी चाके असत. लढाऊ जहाजाच्या ज्या बाजूंना तोफांच्या रांगा असावयाच्या तेथेच ती चाके आड येत आणि शत्रूचा एक गोळा त्यांचा चक्काचूर करण्यास पुरे होई. पुढे पाण्याखाली फिरणारा मळसूत्री पंखा निघाला. १८४५ मध्ये पंख्याचे 'रॅटलर' आणि चाकांचे 'अलेक्टो' ही दोन जहाजे दोरखंडांनी एकमेकांना पाठमोरी बांधून ओढाओढ करविण्यात आली. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला उलटे ओढीत नेले. आता जुन्या जहाजांच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवून त्यांना यंत्र देता येणे शक्य झाले. क्रिमियाच्या युद्धाने या कामाची निकड वाढविली.

१८५५ मध्ये 'कॉर्नवॉलिस'ची पाळी आली. त्या वेळी जहाज पाण्यात उतरून बेचाळीस वर्षे झाली होती. कारागिरांनी त्याच्या मागच्या भागातून पंख्याचा दांडा बाहेर काढण्यासाठी भोक पाडले, पोटात बाष्पपात्र आणि यंत्र बसविले, कोळशाला जागा केली. मोबदला म्हणून तोफा उतरवाव्या लागल्या. चौऱ्याहत्तरांच्या साठ झाल्या. वजन वाढले, कंप वाढला. शिडे, डोलकाठ्या आणि दोरखंड तर होतेच. तरीही ते बेचाळीस वर्षांचे सागाचे अंग डगमगले नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'कॉर्नवॉलिस'ने बाल्टिक समुद्रात स्वेआबोर्गच्या किल्ल्यावरील हल्ल्यात भाग घेतला. मुंबईतच १८४८ मध्ये बांधलेल्या ८० तोफांच्या 'मियानी' जहाजालाही १८५७ मध्ये असाच पंखा बसविण्यात आला.

यंत्र बसविल्याने 'कॉर्नवॉलिस' काही शीघ्रगामी नौका झाली नाही. तिचा आकार वाऱ्यासाठी घडलेला होता आणि तो आकार यंत्राला बदलता आला नाही. दहा वर्षांनी, १८६५ मध्ये, ती एका इंग्रजी बंदरात धक्का म्हणून उभी करण्यात आली. त्या स्थितीतही सागाने आपली साथ सोडली नाही. जहाज मोडले गेले ते १९५७ मध्ये, म्हणजे पाण्यात उतरल्यापासून १४४ वर्षांनी. बाष्पयंत्र केव्हाच कालबाह्य झाले होते. त्याला आसरा देणाऱ्या फळ्या मात्र त्याच्या मागे जवळजवळ शतकभर टिकल्या.

'त्रिंकोमाली'च्या नशिबी यंत्र आले नाही. शिडाचे जहाज म्हणूनच ती राहिली आणि पुढे कित्येक वर्षे मुलांना नाविक शिक्षण देण्याच्या कामी आली. १९९० नंतरच्या दशकात तिची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली. आज इंग्लंडातील हार्टलपूल येथे ती तरंगत उभी आहे. वाडियांच्या सुताराने फळीला फळी कशी भिडविली हे ज्याला डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्याने तेथे जावे. एका बहिणीने नवे बळ घेऊन युद्ध पाहिले आणि अखेर धक्का होऊन संपली. दुसरी मूळ रूपात राहिली म्हणून आज साक्ष देण्यास हजर आहे. दोघींपैकी कोणाचे भाग्य थोर, हे ठरविणे सोपे नाही.

योगायोगाची गोष्ट अशी की, ज्या टर्बोचार्जरवरून मोटारशौकिनांचा वाद चालतो, त्याचे मोठे यशही प्रथम जहाजांतच सिद्ध झाले. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. पण तिला व्यवहारात उतरविण्यास वीस वर्षे लागली. १९२५ च्या सुमारास 'प्रॉयसेन' आणि 'डान्झिग' या जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना ती युक्ती जोडण्यात आली, तेव्हा प्रत्येक इंजिनाची शक्ती १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. जहाजाच्या मजबूत, संथ इंजिनाला जे सहज मानवले, ते मोटारीच्या हलक्या, चपळ इंजिनाला मानवण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

मोटारीला हवा दाबून देण्याचा पहिला मार्ग निराळा होता. इंजिनाच्याच फिरत्या दांड्यावरून पंप चालवावा, त्याला सुपरचार्जर म्हणत. इंग्लंडात १९२९ मध्ये बेंटले मोटारीला असा पंप बसविण्यात आला. मूळ इंजिन निर्माण करणाऱ्या बेंटले यांना ही गोष्ट मुळीच मान्य नव्हती. शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करावे, असे त्यांचे मत होते. १९३० च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पंपाची बेंटले विजेसारखी चमकली, पण शेवटपर्यंत टिकली नाही. शर्यत जिंकली ती पंप नसलेल्या मोठ्या इंजिनाच्या बेंटलेने.

याउलट उदाहरण इंदूरच्या होळकरांकडे पाहावयास मिळते. महाराज यशवंतराव होळकर यांच्या ताफ्यात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची सुपरचार्जर असलेली एसजे मोटार होती. साध्या ड्यूसेनबर्गची शक्ती २६५ अश्वशक्ती, तर एसजेची ३२० सांगितली जाई. तेथे निर्मात्यांनी केवळ पंप जोडला नाही. दट्ट्यांचे दांडेही बदलून अधिक बळकट, पोलादी नळीचे केले. बळ वाढविण्यापूर्वी अंग कसून घेतले.

टर्बोचार्जर लावलेली मोटार सर्वसामान्य ग्राहकाला प्रथम मिळाली ती १९६२ मध्ये, अमेरिकेत. त्यातील ओल्ड्‌समोबिल जेटफायर या मोटारीची गोष्ट उद्बोधक आहे. तिच्या इंजिनातील दाब मुळातच अधिक होता आणि तो तसाच ठेवून टर्बोचार्जर जोडला होता. अवेळी पेट घेण्याचा धोका टाळावा म्हणून पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण इंजिनात सोडण्याची योजना होती. त्यासाठी निराळी टाकी होती आणि ती वेळच्या वेळी भरणे मालकाचे काम. अनेक मालकांना ते ध्यानात राहिले नाही. टाकी रिकामी, शक्ती गेली, तक्रारी वाढल्या. १९६३ नंतर ही मोटार निघाली नाही आणि कित्येक गाड्यांवरील टर्बोचार्जर काढून तेथे साधा कार्ब्युरेटर बसविण्यात आला. जोडलेले बळ सांभाळण्याची शिस्त जोडली गेली नाही, म्हणजे असे होते.

या साऱ्या उदाहरणांतून जुन्या मोटारीपुढे उभ्या असलेल्या कारागिराला काही बोध घेता येईल. पहिली गोष्ट, बळ फुकट मिळत नाही. 'ह्यू लिंडसे'ने खोल्या दिल्या, 'कॉर्नवॉलिस'ने चौदा तोफा दिल्या. जुने इंजिनही काही ना काही देणारच, आणि ते काय, हे आधी ठरविले पाहिजे. दुसरी गोष्ट, जे अंग मूळ निर्मात्याने गरजेहून थोडे अधिक मजबूत घडविले असेल तेच नवे बळ पेलते. मापापुरतेच घडविलेले अंग ते पेलत नाही. सुरतेच्या सुताराने फळी जाड धरली आणि खोबण नीट बसविली ती वाफेसाठी नव्हे, समुद्रासाठी. वाफेला तिचा लाभ झाला. तिसरी गोष्ट, ज्या वस्तूचा एकच नमुना उरला असेल तिला हात लावू नये. 'कॉर्नवॉलिस'ला भोक पाडता आले, कारण त्या वेळी तशी जहाजे अनेक होती. आज जगात एकटीदुकटी उरलेली मोटार ही 'त्रिंकोमाली' आहे. तिने पळण्यापेक्षा साक्ष द्यावी, हे बरे. आणि जिला हात लावावयाचा, तिचे काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या पिढीला परत जाण्याची वाट राहील.

सुवाळीजवळच्या किनाऱ्यावर आज हजिऱ्याचे मोठे औद्योगिक बंदर उभे आहे. तेथे ये-जा करणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजांच्या पोटात जी डिझेल इंजिने असतात, त्यांना टर्बोचार्जर हा सहसा असतोच. त्यावाचून त्यांचा संसार चालावयाचा नाही. त्याच हजिऱ्यास तटरक्षक दलासाठी वेगवान नौकाही बांधल्या गेल्या आहेत. तापीच्या मुखाशी अशा रीतीने नवे बळ आणि बांधणीची विद्या ही दोन्ही पुन्हा एकत्र आली. त्या पाण्यावरून १७३६ मध्ये एक मुकादम आपल्या सुतारांसह मुंबईकडे निघाला, तेव्हा त्याच्या पेटीत यंत्र नव्हते. लाकूड कसे ओळखावे आणि सांधा कसा बसवावा, एवढेच ज्ञान त्याने बरोबर नेले होते. पुढे त्याच्या सांध्यांना वाफेचे हादरे सोसावे लागले आणि ते सुटले नाहीत.